चित्र पुढे गेले, आवाज मागे राहिला

१९३१ साली लंडनमध्ये ॲलन ब्लमलाइन हा तरुण इंजिनिअर होणाऱ्या पत्नीबरोबर बोलपटाला गेला होता. बोलपटांचे युग नुकतेच सुरू झाले होते. पडद्यावरचा माणूस या टोकाकडून त्या टोकाला चालत जाई, पण त्याचे बोलणे मात्र एकाच कर्ण्यातून, एकाच जागेहून ऐकू येई. बाकी प्रेक्षकांना चित्र बोलते याचेच अप्रूप होते. ब्लमलाइनला ही विसंगती सहन झाली नाही. त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्याने पेटंटसाठी अर्ज केला. दोन कानांना आवाज ज्या बारीक फरकाने पोचतो तो फरक टिपायचा कसा, तबकडीच्या एकाच खोबणीत दोन आवाज कोरायचे कसे, चित्रपटाच्या फितीवर ते उमटवायचे कसे, हे सगळे त्या अर्जात होते. आज आपण ज्याला स्टीरिओ म्हणतो त्याचा पाया तिथे घातला गेला.

हाच ब्लमलाइन ईएमआय कंपनीच्या दूरचित्रवाणी गटातही होता. आयझॅक शोएनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली या गटाने ४०५ रेषांची पद्धत उभी केली आणि २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केले. म्हणजे स्टीरिओ आणि दूरचित्रवाणी, दोन्हींच्या जन्माला एकच माणूस हजर होता. तरीही घरच्या टीव्हीला दोन बाजूंचा आवाज मिळायला जपानमध्ये १९७८, पश्चिम जर्मनीत १९८१, अमेरिकेत १९८४ आणि खुद्द ब्रिटनच्या बीबीसीवर अधिकृतपणे १९९१ साल उजाडले. ब्लमलाइन यातले काहीच पाहायला उरला नाही. ७ जून १९४२ रोजी रडारची चाचणी घेणारे विमान कोसळून तो गेला, तेव्हा तो अवघा ३८ वर्षांचा होता.

टीव्हीचा आवाज साउंडबारला किंवा होम थिएटरला जोडताना आजही माणसे हैराण होतात. केबल कुठे खोचायची, सेटिंग कुठले बदलायचे, संवाद पुटपुटल्यासारखे का येतात, मागचे स्पीकर गप्प का बसतात, हे प्रश्न घरोघरी आहेत. ते तांत्रिक अज्ञानातून आलेले नाहीत. नव्वद वर्षे टीव्ही बनवणाऱ्यांनी सारी बुद्धी आणि सारा पैसा चित्रावर लावला, आवाजाची जबाबदारी कोणीच पुरती घेतली नाही, आणि मधला पूल प्रत्येक पिढीतल्या ग्राहकाने आपल्या खिशातून बांधला. या प्रश्नांचे मूळ तिथे आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. जुन्या टीव्हीचा आवाज वाईट होता याचे खापर आपण प्रक्षेपणावर फोडतो, ते बरोबर नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हाही चित्राबरोबर येणारा आवाज एफएम पद्धतीचा होता आणि त्यात १५ हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर मावत होते. त्या काळच्या मीडियम वेव्ह रेडिओपेक्षा तो कितीतरी स्वच्छ होता. वरळीच्या केंद्रातून निघालेला हा चांगला आवाज घरात येऊन पडे तो सेटच्या कडेला बसवलेल्या, तळहाताएवढ्या कागदी शंकूच्या स्पीकरवर. आणि तिथेच त्याचा जीव जाई.

मग तो बाहेर काढून चांगल्या ॲम्प्लिफायरला का देत नसत? यामागचे कारण फार कमी जणांना ठाऊक आहे. त्या काळच्या बहुतेक सेटचे चेसिस थेट घरच्या विजेला जोडलेले असे. मधला ट्रान्सफॉर्मर वगळला की सेट हलका होई, स्वस्त पडे. पण अशा सेटमधून आवाजाची पिन बाहेर काढली, तर तिला हात लावणाऱ्याला शॉक बसण्याची धास्ती. म्हणून कंपन्या ती पिनच देत नसत. गल्लीतला मेकॅनिक स्पीकरच्या दोन वायरी बाहेर काढून टेपरेकॉर्डरला जोडून द्यायचा, तेव्हा तो किती मोठी जोखीम पत्करत होता हे कित्येकदा त्यालाही माहीत नसे. ट्रान्सफॉर्मरचे चार पैसे वाचवण्यासाठी टीव्हीचा आवाज पेटीत कोंडला गेला. पुढे सेटची वीजरचना बदलली, व्हीसीआरमुळे मागे लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिना आल्या आणि आवाजाला पेटीबाहेर पडायला पहिली वाट मिळाली.

सिनेमागृहातले जग दरम्यान फार पुढे गेले होते. २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तोही तीन स्वतंत्र वाटांनी: डावी, मधली, उजवी. तीन का? दोनच स्पीकर असले की मधला आवाज हा कानांना होणारा भास असतो, आणि तो भास नेमका मध्ये बसलेल्या माणसालाच होतो. बाजूला सरकले की तो जवळच्या स्पीकरकडे घसरतो. मधला स्पीकर खरोखर असेल, तर शेवटच्या खुर्चीतल्या माणसालाही गाणारा मध्येच उभा वाटतो. त्या प्रयोगात वॉशिंग्टनमध्ये आवाजाची सूत्रे हाताळणारे लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांनीच पुढे १९४० मध्ये डिस्नेच्या ‘फँटेशिया’च्या संगीताचे संचालन केले, आणि त्या चित्रपटासाठी बहुमार्गी आवाजाची खास यंत्रणा काही थिएटरांत बसवली गेली. ‘द रोब’ने १९५३ मध्ये चार वाटा आणल्या, १९५५ च्या ‘ओक्लाहोमा!’ने सहा.

घरात मात्र दोनच आल्या, त्याही १९५८ साली. कारण तबकडीच्या खोबणीला भिंती दोनच. दिवाणखान्यातल्या स्टीरिओचा आकडा ठरला तो कानाच्या गरजेतून नव्हे, तबकडीच्या घडणीतून. बेल लॅबच्या इंजिनिअरांनी जो मधला स्पीकर अत्यावश्यक ठरवला होता तोच गळला, आणि टीव्हीच्या दृष्टीने हे नुकसान सगळ्यात मोठे होते. कारण टीव्हीवर मुख्य गोष्ट असते बोलणे, आणि बोलणे पडद्याच्या मधूनच यायला हवे.

या इतिहासाचा एक धागा भारतातून जातो. रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या वतीने भारतात सल्लागार होता; चंदीगडच्या सेंट्रल सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट्स ऑर्गनायझेशनमध्ये त्याचे काम चाले. इथल्या संगीताचे ध्वनिमुद्रण करताना टेपची खरखर त्याला छळत असे. आपले संगीत हळुवार आलापातून, तानपुऱ्याच्या झंकारातून उभे राहते. खरखर आधी तिथेच जाणवणार. हलके स्वर मुद्रणाच्या वेळी उचलून धरायचे आणि वाजवताना पुन्हा खाली आणायचे, म्हणजे मध्ये शिरलेली खरखरही त्यांच्याबरोबर खाली दबेल, ही युक्ती त्याला इथेच सुचली. १९६५ मध्ये लंडनला परतून त्याने डॉल्बी लॅबोरेटरीज काढली. आज बहुतेक टीव्हींच्या खोक्यावर दिसणाऱ्या त्या नावाचे बीज या मातीत पडले, हे आपल्याकडे अजून पुरेसे सांगितले जात नाही.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला घर आणि थिएटर यांतली दरी खऱ्या अर्थाने कळली ती १५ ऑगस्ट १९७५ नंतर. मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या पडद्यावर, सहा वाटांच्या आवाजासह आला. जय नाणे उडवतो तेव्हा ते आपल्याच पायाशी पडले असे वाटून लोक खुर्चीखाली बघत, असे सांगतात. त्याच सुमारास घरच्या टीव्हीवर ‘छायागीत’ लागे ते त्या तळहाताएवढ्या स्पीकरवर. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने देशात रंग आला आणि रंगीत सेटसाठी लोकांनी महिनोन्‌महिने पैसे साठवले. आवाज होता तिथेच राहिला. पुढे नव्वदच्या दशकात ओनिडाचा केवाय थंडर, व्हिडिओकॉनचा बझूम्बा असे आवाजाच्या जोरावर विकले जाणारे सेट आले आणि त्यांच्याबरोबर खोक्यावर पीएमपीओचे शेकडो वॉटचे आकडे आले. या पीएमपीओला कुठलीही ठरलेली व्याख्या नाही. क्षणभर, कशाही अवस्थेत निघू शकेल अशा शक्तीचा तो आकडा. प्रत्यक्ष सलग मिळणारा आवाज त्याच्या काही टक्केच असे. ग्राहकाला माहिती म्हणून दिली गेलेली ही धूळफेकच होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

डॉल्बीची खरी करामत मात्र वेगळीच आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने जगभर पोचवलेल्या डॉल्बी स्टीरिओमध्ये फितीवर आवाजाच्या रेषा दोनच होत्या, पण त्यांत डावी, मधली, उजवी आणि मागची अशा चार वाटा विणलेल्या होत्या. दोन्ही रेषांत जे समान ते मध्ये पाठवायचे, जे एकमेकांच्या उलट ते मागे पाठवायचे. चित्रपट व्हीसीआरच्या कॅसेटवर उतरला तेव्हा या दोन रेषा जशाच्या तशा उतरल्या, आणि दडलेल्या वाटाही त्यांच्यासोबत घरात आल्या. त्या सोडवून देणारे डॉल्बी सराउंडचे यंत्र १९८२ मध्ये आले, आणि मधल्या स्पीकरला त्याचा मान परत देणारे प्रो लॉजिक १९८७ मध्ये. लाल आणि पांढरी अशा दोनच वायरींतून चार बाजूंचा आवाज मिळत होता. कुठलेही नवे भोक नको, कुणाची परवानगी नको, जुना साधा टीव्ही असेल तर त्यालाही तीच कॅसेट चालत होती. गेल्या नव्वद वर्षांतली घरच्या आवाजाची ही सगळ्यात शहाणी जोडणी होती असे मी म्हणेन. त्याआधी सत्तरच्या दशकात चार स्पीकरांचा क्वाड्राफोनिक आवाज का बुडाला? तीन-चार कंपन्यांनी एकमेकांशी न जुळणाऱ्या पद्धती आणल्या, दुकानदार गोंधळले, ग्राहक कंटाळले. डॉल्बीने जुन्याशी जुळवून घेतले म्हणून ते टिकले.

यापुढची पायरी अंकीय. १९९२ मध्ये ‘बॅटमन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल थिएटरात आले, पुढल्या वर्षी ‘जुरासिक पार्क’बरोबर डीटीएस. पाच पूर्ण वाटा आणि फक्त घनगंभीर स्वरांसाठी सहावी अर्धीमुर्धी, म्हणून ५.१. डीव्हीडीने हा आवाज घरी आणला आणि तो वाहून न्यायला तोशिबाने १९८३ मध्ये सीडी प्लेअरसाठी काढलेली ऑप्टिकल केबल उपयोगी पडली. तिच्या टोकाशी तांबडा प्रकाश दिसतो, आणि वीज वाहत नसल्याने खरखर-गुणगुण शिरायला वाव नाही. मर्यादा एकच: तिच्यातून दोन वाटांचा अस्सल आवाज जातो, किंवा दाबून लहान केलेला ५.१.

इथपर्यंत प्रवाहाची दिशा सरळ होती. प्लेअरमधून आवाज रिसीव्हरला, चित्र टीव्हीला. २००२ च्या डिसेंबरात एचडीएमआय आले. हिताची, पॅनासॉनिकची मूळ कंपनी, फिलिप्स, सोनी, थॉमसन, तोशिबा आणि सिलिकॉन इमेज यांनी मिळून काढलेले. चित्र आणि आवाज एकाच केबलमधून जाऊ लागले ही सोय खरीच. पण त्या केबलसोबत चोरी रोखणारे कुलूपही आले: दोन्ही टोकांची यंत्रे आधी एकमेकांची ओळख पटवणार, मगच चित्र आणि आवाज सोडणार. चित्रपट कंपन्यांना नक्कल होण्याची भीती होती, ती समजण्यासारखी आहे. पण ओळख पटण्यात चूक झाली की शिक्षा भोगतो तो पैसे मोजून डिस्क विकत घेतलेला माणूस.

आणि मग गंगा उलटी वाहू लागली. ६ जानेवारी २०१६ रोजी नेटफ्लिक्स भारतात आले, त्याच वर्षी सप्टेंबरात जिओने डेटा स्वस्त केला, आणि बघता बघता टीव्ही हाच कार्यक्रमांचा उगम झाला. चित्रपट आता टीव्हीच्या पोटातल्या ॲपमधून सुरू होतो. म्हणजे आवाज टीव्हीतून मागे, साउंडबारकडे यायला हवा. या परतीच्या वाटेची तरतूद एचडीएमआयने २००९ मध्येच करून ठेवली होती. तिला एआरसी म्हणतात. पण ही वाट टीव्हीच्या तीन-चार एचडीएमआय भोकांपैकी साधारणपणे एकालाच असते. त्यावर बारीक अक्षरांत एआरसी लिहिलेले असते, तेही टीव्हीच्या पाठीवर, भिंतीला टेकलेले. शेजारच्या भोकात केबल गेली की चित्र ठीक, आवाज शून्य. शिवाय ही वाट चालायला सीईसी नावाची, जोडलेल्या यंत्रांना एकमेकांना हुकूम देऊ देणारी आणखी एक सोय चालू असावी लागते, आणि तिला प्रत्येक कंपनीने आपले वेगळे नाव दिले आहे: सॅमसंगचे ॲनीनेट प्लस, सोनीचे ब्राव्हिया सिंक, एलजीचे सिम्पलिंक. मेन्यूमध्ये सीईसी शोधणाऱ्याला ते कसे सापडणार? एकाच गोष्टीला अनेक नावे ठेवून ग्राहकाला चकवणे हा या धंद्याचा जुना रोग आहे. २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ बरोबर ईएआरसी आले. त्यातून सेकंदाला सुमारे ३७ मेगाबिट आवाज जातो, म्हणजे ब्लू-रेवरचा न दाबलेला आवाजही मावतो. आवाज आणि ओठांची हालचाल जुळवण्याची सोयही त्यात बंधनकारक केली.

ही जुळणी किरकोळ नाही. नवे टीव्ही चित्रावर इतके संस्कार करतात की ते उशिरा दिसते आणि आवाज आधी पोचतो. निसर्गात याच्या उलट घडते: दूरवर धोबी कपडा आपटतो तो आधी दिसतो, मग ऐकू येतो. म्हणून आवाज मागून आला तर मेंदू चालवून घेतो, आधी आला तर खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतले आकडे बोलके आहेत: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला की फरक जाणवू लागतो, मागून येत असेल तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही.

हे सगळे सुधारत असताना टीव्ही स्वतः मात्र पातळ होत गेला. जुन्या काचेच्या नळीच्या सेटला निदान खोली होती. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या त्या पेटीत स्पीकरला हवा ढकलायला जागा मिळे आणि त्याचे तोंड पाहणाऱ्याकडे असे. आजच्या सेटमध्ये ते भिंतीकडे किंवा जमिनीकडे वळवलेले असते, कारण समोर पडद्याशिवाय काही दिसता कामा नये. एकट्या मुंबईतल्या लाखो खोल्यांत गुळगुळीत टाइल्स आणि उघड्या भिंती आहेत. असा आवाज त्यांवर आपटून घुमतो आणि शब्दांची टोके बोथट होतात. घरातली म्हातारी माणसे ‘काय म्हणाला तो?’ असे विचारतात तेव्हा दोष त्यांच्या कानांचाच असतो असे नाही.

म्हणून आपल्या घरांसाठी मला जे योग्य वाटते ते सांगतो. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये, जिथे एकजण दिवाणावर, एकजण जमिनीवर आणि एकजण स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मालिका पाहतो, तिथे मागचे दोन स्पीकर नंतर आले तरी चालतील. आधी हवा तो समोरचा, मधला. स्वतंत्र मधली वाट असलेला तीन वाटांचा साउंडबार हा पाच स्पीकर शोकेसमध्ये टीव्हीच्या दोन्ही अंगांना रचून ठेवण्यापेक्षा शंभरपट बरा. एक जाड पडदा, एक सतरंजी, पुस्तकांचे उघडे कपाट यांनी आवाज जेवढा सुधारतो तेवढा महागड्या केबलने सुधारत नाही. ओटीटीवरच्या कार्यक्रमांसाठी साधे एआरसीही पुरते. ईएआरसीची खरी गरज ब्लू-रे लावणाऱ्यांना. जुन्या टीव्हीला फक्त ऑप्टिकल असेल तर ती निर्धास्त वापरा. ब्लूटूथने साउंडबार जोडणे मात्र बातम्या आणि गाण्यांपुरते ठीक. संवाद ओठांशी जुळेलच याची खात्री नसते. आणि एवढे करून मागचे स्पीकर गप्पच असतील, तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएमऐवजी पास-थ्रू किंवा बिटस्ट्रीम निवडून पाहा. तरीही दोनच बाजू वाजत असतील तर कार्यक्रमच दोन वाटांचा असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडच्या बऱ्याच वाहिन्यांचा आवाज अजून तसाच येतो.

प्रसारकांनीही यात आपला वाटा उचलायला हवा. संवाद वेगळा ठेवून तो ऐकणाऱ्याला हवा तेवढा वर करता येईल अशी सोय एमपेग-एच आणि डॉल्बी एसी-४ या पद्धतींत आहे. दक्षिण कोरियाने २०१७ पासून आपल्या अतिस्पष्ट प्रक्षेपणात एमपेग-एच वापरात आणले. मराठी मालिकांत पार्श्वसंगीताचा जो मारा संवादांवर चालतो तो पाहता ही सोय आपल्याला इतरांपेक्षा जास्त हवी आहे. दूरदर्शनने आणि खासगी मराठी वाहिन्यांनी तिची चाचणी तरी सुरू करावी.

आणि एक काम उद्याही होऊ शकते, त्याला नवे तंत्र लागत नाही. फ्रिज आणि एसीवर वीजबचतीचे तारे लावणे सक्तीचे झाले तेव्हा कंपन्यांनी ते मुकाट्याने लावले. युरोपीय संघाने २०२४ च्या डिसेंबरअखेर मोबाइलला एकच चार्जिंग पिन सक्तीची केली तेव्हाही जग थांबले नाही. टीव्हीच्या खोक्यावर चार ओळी ठळक छापायला लावणे याहून सोपे आहे: एआरसी आहे की ईएआरसी, ते कितव्या भोकाला आहे, बाहेरच्या यंत्राचा ५.१ आवाज हा सेट पुढे देतो की दोन वाटांत आवळतो, आणि सीईसी मेन्यूमध्ये कुठल्या नावाने सापडेल. भारतीय मानक ब्यूरोने हे बंधनकारक करावे आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी ही मागणी लावून धरावी. तोवर येत्या दिवाळीत टीव्ही घ्यायला जाणाऱ्यांनी दुकानात सेट उलटा फिरवून त्याची पाठ पाहावी आणि या चार प्रश्नांची उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत.